चार बोटे उघडी काच

आमच्या गाडीतील गार हवा ऐन वैशाखात गेली, आणि जाताना ती मुकाट्याने गेली नाही, किंचाळून गेली. राजापेठेच्या चौकात, लोकांच्या देखत, बॉनेटखालून असा काही आवाज आला की शेजारच्या ऑटोवाल्याने मान वळवून विचारले, "डुक्कर तं नाही आलं ना खाली?" पाठोपाठ जळक्या रबराचा वास सुटला आणि समोरच्या जाळीतून अंगावर आली ती भट्टीची फुंकर. मी मागच्या आसनावर होते. प्रतिष्ठित घरातील बाईने चारचौघांत कसे वागावे, हे आमच्या आईने मला पुष्कळ शिकवले होते; परंतु स्वतःचे वाहनच डुकरासारखे ओरडले असता चेहरा कसा ठेवावा, एवढे मात्र तिच्याकडून राहून गेले.

एरवी मी ही गोष्ट मनावर घेतली नसती. वऱ्हाडात जन्मलेल्या माणसाने उन्हाची तक्रार करू नये, असे माझे मत आहे. परंतु यंदा अकोल्याहून गोदाताईला आणायचे होते.

गोदाताई माझी थोरली बहीण. मला 'लीले' म्हणणारे या जगात आता तेवढे एकच माणूस उरले आहे. तिच्या गोपालने पुण्यात मोठे घर घेतले असून, अकोल्याचे घर आवरून तो तिला कायमची घेऊन जाणार होता. त्याआधी तिने माझ्याकडे राहायला यावे आणि दरवर्षीप्रमाणे आम्ही दोघींनी सरगुंडे करावेत, असे ठरले होते. सरगुंडे एकटीने होत नाहीत. एकीने कणकेचा बारीक दोरा ओढत जायचा, दुसरीने तो काडीवर गुंडाळत जायचा, आणि हातांबरोबर दोघींची तोंडेही चालू राहिली पाहिजेत. नाहीतर दोरा तुटतो. वर्षभराचे सारे बोलणे आम्ही त्या वेळेसाठी राखून ठेवतो. गव्हाचे पीठ दळून आले होते, सरगुंड्यांवर ओतायच्या रसासाठी आंबे आढीत घातले होते. अट एकच होती आणि ती डॉक्टरांची होती: गोदाताईला उन्हातून न्यायचे नाही, न्यायचे तर गार गाडीतून.

"ताई, मी सोता येईन तुले घ्याले," असा मी फोनवर शब्द दिला होता. "आपल्या गाडीनं."

गाडी किंचाळल्याची बातमी कळताच गोपालचा फोन आला. "मावशी, मी एसीची टॅक्सी लावून देतो न. दोन घंट्यात आई तुमच्या दारात."

"माझी बहीण भाड्याच्या गाडीतून माझ्या दारात उतरणार नाही," मी म्हणाले.

हे वाक्य मी स्वच्छ, ठसठशीत मराठीत उच्चारले होते. आजही ते मला शब्दन् शब्द आठवते. आठवू नये, अशी माझी इच्छा आहे.

गॅरेजच्या मिस्त्रीने बॉनेट उघडण्याची तसदीही घेतली नाही. तोंडातला तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सारून तो म्हणाला, "कॉम्प्रेसर गेला."

"न पाहता कसे कळले?"

"आवाजानं. आठ-दहा दिवस लागतीन आजी, लग्नसराई हाये. सोडून जा गाडी."

"कॉम्प्रेसर म्हणजे नेमके काय, आणि तो का गेला?"

"तुमाले नाही समजनार ते."

नाडी न पाहता मरण सांगणारा वैद्य आणि मला समजणार नाही असे तोंडावर सांगणारा मिस्त्री, दोघांकडून औषध घेण्याची आमच्या घराची रीत नाही. "बंडू, गाडी घरी घे," मी म्हणाले. बंडू माझा मुलगा. पन्नाशीचा आहे, सहकारी बँकेत शाखाधिकारी आहे, पन्नास माणसांवर हुकूम चालवतो. परंतु आईच्या शब्दाबाहेर नाही. "हे काम आपण घरी करू."

थंडाव्याचे शास्त्र आमच्या घराला कोणी शिकवावे? होळी झाली की आमचा कूलर माळ्यावरून उतरतो. त्याच्या ताट्यांत नवे गवत मी स्वतः उभी राहून भरून घेते. पंपाची मोटर अडली तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने नेमके कोठे ठोकायचे, ते मला ठाऊक आहे. आणि कूलरचा पहिला नियम तर मी सुनेला माप ओलांडल्याबरोबर शिकवला: समोरची खिडकी उघडी पाहिजे. गार हवा आत यायची असेल तर गरम हवेला बाहेर जायला वाट द्यावी लागते. खिडक्या गच्च लावून कूलरसमोर घाम पुसत बसणारी माणसे मी पाहिली आहेत; अशा घरांशी आम्ही सोयरीक करत नाही. गाडीतसुद्धा मागच्या दोन्ही काचा चार चार बोटे उघड्या असाव्यात, असा माझा दंडक आहे, आणि आमच्या गाडीत बसलेल्या कोणी त्यावर हरकत घेतल्याचे मला स्मरत नाही.

बॉनेट उघडलेले पाहताच आमच्या घरधन्यांनी पिशवी भरली. "गाडी मिस्त्रीले द्या अन् गोदाले टॅक्सीनं आना," एवढेच बोलून ते नांदगाव खंडेश्वरला शेतावर निघून गेले. सूनबाई पौर्णिमाही पीठ चाळता चाळता म्हणाली, "आई, टॅक्सीनं आल्या तं काय त्या मावशी राहनार नाहीत काय?" सुनांच्या सर्वच प्रश्नांना उत्तरे दिली तर घर चालत नाही.

अंगणात गाडी उघडी पडली की शेजाऱ्यांना आमंत्रण लागत नाही. पहिले आले पंजाबराव. हे वीज मंडळातून निवृत्त झाले असून खिशाला पेनाऐवजी टेस्टर लावतात. "वहिनी, फ्यूज हाये हा. लिहून घ्या." फ्यूज बदलला. समोरच्या बेबीताई म्हणाल्या, "आमच्या फ्रिजचं असंच झालतं. आमी रातभर उलटा ठेवला अन् सकाळी सुरू." गाडी उलटी ठेवण्याच्या सूचनेवर पंजाबरावांनी क्षणभर गंभीरपणे विचार केला, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळले.

अखेर बंडूने मोबाइलवर पाहून परीक्षा सांगितली. इंजिन चालू असता पट्ट्याचे चाक फिरतच असते. एसीचे बटण दाबले की कॉम्प्रेसरच्या तोंडावरची चकती 'टक' करून त्या चाकाला धरते आणि फिरू लागते. मी कान देऊन उभी राहिले. पंजाबरावांनी बटण दाबले. टक झाले, आणि लगेच राजापेठेतला तो आवाज संपूर्ण कॉलनीने ऐकला. इंजिन बंद करून, पट्टा काढून बंडूने ती चकती हाताने फिरवून पाहिली, ती हलेना. कॉम्प्रेसर आतून जाम झाला होता. मिस्त्रीचे निदान योगायोगाने बरोबर निघाले.

जुना कॉम्प्रेसर काढताना बंडूने भर उन्हात डोक्यावर पंचा बांधला आणि मी त्याच्यावर छत्री धरून उभी राहिले. त्यातला गॅस आधी यंत्राने काढून घ्यायचा असतो, हे आम्हाला मागाहून कळले. बंडूने नळीचा नट सैल केला मात्र, आणि फुस्स करून पांढरा लोट उठला. पंजाबराव "सिलिंडर! सिलिंडर!" असे ओरडत कुंपणावरून पलीकडे गेले. साठी उलटल्यानंतर त्यांनी कुंपण ओलांडल्याची ती पहिलीच वेळ असावी. बेबीताईंनी घरातली शेगडी, देवापुढची समई आणि कारण नसताना टीव्हीही बंद केला. कोणा परोपकारी माणसाने अग्निशमन दलाला फोन केला.

लाल गाडी घंटा वाजवत आली. अधिकाऱ्याने विचारले, "आग कुठं हाये?"

"आग लागलेली नाही," मी सांगितले.

"मग तसं लिहून द्या."

"न लागलेल्या आगीबद्दल मी काय लिहून देऊ?"

"हेच, का आग लागली नव्हती. गाडी बाहेर निघाली न माय, कारण तं दाखवावंच लागते."

माझ्या माहेरी आणि सासरी मिळून इतक्या पिढ्या झाल्या. आमच्या घरी अमुक घडले नाही, असे सरकारला लेखी कळवण्याची वेळ कोणावर आली नव्हती. मी सही केली. छत्री अजून माझ्या हातातच उघडी होती.

नवा कॉम्प्रेसर बंडूने ऑनलाइन मागवला. मागवला अर्थात वडिलांच्या नावाने. आमच्याकडे लाइटबिलापासून बोअरपर्यंत सर्व काही घरधन्यांच्या नावावर असते. आमचे घर वलगाव रोडला. पार्सल थेट वलगावात जाऊन, 'या नावाचे इसम गावात नाहीत' असा शेरा घेऊन परत आले आणि कुरिअरच्या कार्यालयात पडून राहिले. इकडे दिवस जात होते. गोपालचा दुसरा फोन आला: "मावशी, आई पिशवी भरून बसली हाये. टॅक्सी पाठवू काय?" मी म्हणाले, "फक्त बसवायचा राहिला आहे."

बंडू बँकेत असल्यामुळे कुरिअरच्या कार्यालयात मी स्वतः गेले. खिडकीमागच्या मुलाने मान वर न करता विचारले, "कोनाच्या नावाचं हाये?"

"आमच्या घरचे आहे."

"नाव सांगा न आजी."

"तुमच्यापुढच्या खोक्यावर लिहिले आहे."

"थे मले दिसते. तुमाले सांगा लागते, तसा रूल हाये. उद्या कोनी बी येईन अन् खोकं मागन."

येथे वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. लग्न झाल्यापासून मी आमच्या घरधन्यांचे नाव सरळ उच्चारलेले नाही. शिरगणतीला आलेल्या मास्तरांनाही मी तुळशीकडे तोंड करून, शेजारणीकरवी ते कळवले होते. मागे रांग वाढत होती. एक जण म्हणाला, "अवं माय, सांगून टाक न, कूलर सोडून आलो मी." तेव्हा आमच्या पिढीला मान्य असलेला एकच मार्ग उरला. मी पदर सावरला आणि म्हणाले:

"काळ्या मातीत कपाशी, कपाशीला पांढरं बोंड,
महादेवरावांचं पार्सल काढा, अन् मिटा आपलं तोंड."

रांगेने टाळ्या वाजवल्या. एका बाईने "परत एकदा" असेही म्हटले. तो मुलगा उभा राहिला, खोके त्याने दोन्ही हातांनी आदराने खिडकीपर्यंत आणले आणि म्हणाला, "आता मोबाइलवर ओटीपी आला असन, तेवढा सांगा."

ओटीपी आला होता. तो नांदगाव खंडेश्वरच्या शेतात, गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेल्या मोबाइलवर आला होता. आणि त्या कोनाड्यात बोलण्यापुरती रेंज फक्त पहाटे येते. एवढा सन्मान आणि एवढा अपमान एकाच खिडकीवर, एकापाठोपाठ, मी पूर्वी कधी अनुभवला नव्हता. बंडूला नांदगावला जावे लागले. घरधन्यांनी अंक सांगितला आणि विचारले म्हणे, "गोदा आली काय?"

पुढील प्रसंग थोडक्यात सांगते. विस्ताराने सांगण्याची माझी इच्छा नाही. बंडूने कॉम्प्रेसर बसवला, परंतु पट्टा एका चाकाखालून घ्यायचा तो वरून घेतला. परिणामी स्टिअरिंग असे जड झाले की गाडी फाटकातून सरळ निघून सरळच बेबीताईंच्या तुळशीवृंदावनापर्यंत गेली. तुळस वाचली. बेबीताई अजून बोलत नाहीत. पट्टा पुन्हा बसवला, तेव्हा एक बोल्ट उरला. तो कोठला, यावर अंगणात दोन दिवस सभा चालली. अखेर तो पंजाबरावांच्या स्कूटरचा निघाला. नंतर प्रीतम नावाचा फ्रिजवाला नळ्यांतली हवा ओढून घ्यायचा पंप घेऊन आला. त्याचे तोंड फार चालते. "काकू, असा गॅस भरतो का गाडीत स्वेटर लागन!" पंप सुरू झाला आणि वीज गेली. सर्वांनी पंजाबरावांकडे पाहिले.

"माह्याकडे काय पाहता?" ते कळवळून म्हणाले. "मी रिटायर झालो न आता!"

वीज आली, पंप लावला, वीज गेली. ओढलेली हवा परत शिरली म्हणून काम पुन्हा पहिल्यापासून. असे होता होता गोपालचा तिसरा फोन आला. या वेळी त्याने टॅक्सीचे विचारले नाही. "मावशी, उद्या संध्याकाळची पुन्याची गाडी हाये आमची. मले सुट्टी नाही आता. आई म्हणते, लीलेले सांग, येऊन भेटून जाय."

मी फोन ठेवला. आढीतले आंबे उतरायला लागले होते. पौर्णिमाने पिठाचा डबा उचलून फळीवर ठेवला आणि झाकण घट्ट लावले. तो झाकणाचा आवाज मला मिस्त्रीच्या बोलण्यापेक्षा जास्त लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रीतमने गॅस भरला. गाडीचे दार उघडे, तो बाहेर उभा, आणि जाळीसमोर धरलेला हात एकदम मागे घेऊन ओरडला, "बरफ!" पंजाबरावांनीही जाळीसमोर हात धरला आणि डोळे मिटले. मी वेळ दवडला नाही. "बंडू, अकोला."

बडनेरा सुटले आणि हमरस्त्याला लागलो. डांबरावरून झळा उठत होत्या. मी नेहमीप्रमाणे मागच्या दोन्ही काचा चार चार बोटे उघडल्या. वारा भट्टीचा होता. मूर्तिजापूर येईपर्यंत माझे लुगडे पाठीला चिकटले आणि बंडूचा सदरा ओला झाला.

"आई," बंडू आरशात पाहून हळूच म्हणाला, "काचा लावून पाहू काय?"

"मागच्या खेपेस तुझे ऐकले, तेव्हा पट्टा वरून बसला होता."

तो गप्प बसणारा मुलगा आहे, याचा मला आजवर अभिमान वाटत आला होता. बोरगाव मंजू मागे पडता पडता मला पटले की सर्व खटपट वाया गेली. हा कॉम्प्रेसरही गेला. जिला गार गाडी कबूल केली होती, तिला निरोप द्यायला मी तापल्या तव्यावर बसून चालले होते.

जठारपेठेतले गोदाताईचे घर रिकामे झाले होते. भिंतींवर कपाटांच्या जागच्या फिकट चौकटी तेवढ्या उरल्या होत्या. मधोमध एका खुर्चीवर ती बसली होती, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. मला पाहताच म्हणाली, "आली व लीले! भज्यासारखी तळून निघाली तं तू."

"ताई, गाडी..." मी पदराने मान पुसली. "गाडी गार होत नाही. दुरुस्त करता करता..."

"मालूम हाये मले. गोपाल सांगे न. आग विझवनारी गाडी आली होती म्हने." ती हसली. हसताना तिचा श्वास पुरेनासा झाला. पिशवीतून काड्यांची टोके दिसत होती: सरगुंड्यांच्या काड्या, तेल लावून, सुतळीने बांधलेल्या. "ह्या भरून ठेवल्या होत्या तवाच्या. तू घेऊन जाय. पुन्यात कोन करते?"

गोपालने सामानासाठी आणि तिच्यासाठी एसीची गाडी बोलावली होती. ती दारात उभी होती, काचा बंद, आत निळसर अंधार. गोदाताईने तिच्याकडे पाहिलेही नाही. "मी लीलेच्या गाडीत बसीन."

"आई, ऊन पाय न बाहेर! अन् त्यायची गाडी गरम..."

"टेसनपर्यंतच तं जायचं हाये. मरत नाही मी तेवढ्यात."

तिला मी हाताने धरून आत बसवले. शेजारी मी. बंडूने गाडी सुरू केली. वारा आत आला, झळ घेऊन आला, आणि तिचा पदर डोक्यावरून उडाला.

"ह्या काचा काहून उघड्या व?"

"ताई, गार हवा यायची तर गरम हवेला वाट..."

"अवं, तो काय कूलर हाये? लाव त्या. पदर उडून राह्यला माह्या."

आमच्या घरात मला आज्ञा करणारे कोणी नाही. पण ती थोरली. तिने आपल्या बाजूच्या काचेची मूठ फिरवली, मी माझ्या बाजूची. वाऱ्याचा आवाज बंद झाला. मग पायांशी काहीतरी हललेसे वाटले. पायांवरून गुडघ्यांवर, गुडघ्यांवरून हातांवर, आणि चौक ओलांडेपर्यंत मानेवरचा घाम गार पडू लागला. बंडूने आरशात माझ्याकडे पाहिले आणि लगेच नजर रस्त्याकडे वळवली. प्रीतम काय म्हणाला होता? स्वेटर लागेल. यातून कोणी काही अर्थ काढू नये. आणि काढलाच तर माझ्यासमोर बोलू नये.

"हां," गोदाताई म्हणाली. तिने डोके मागे टेकवले. "भल्ली ठंडी हाये व तुयी गाडी. लोकं उगीच बोलतेत." थोड्या वेळाने तिचा हात माझ्या हातावर आला. "पीठ दळलं होतं?"

"दळले होते."

"बारीक?"

"बारीक."

"मग बरं," ती म्हणाली. पुढे आणखी काही बोलेल म्हणून मी वाट पाहिली. तिचे डोके हळूहळू माझ्या खांद्यावर कलले. गोपाल नंतर म्हणाला की आवराआवरीत पंखेसुद्धा उतरवले होते, उकाड्याने तिला कित्येक दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. आता लागला. वर्षभराचे बोलणे मी बरोबर आणले होते. ते मी तसेच मांडीवर धरून बसले, काड्यांच्या पिशवीशेजारी.

"बंडू, हळू घे."

"आई, गाडीचा टाइम..."

"हळू घे म्हटले."

त्याने हळू घेतली. स्टेशन दिसू लागले तेव्हा, मी न सांगता, त्याने डावीकडे वळून एक फेरी आणखी घातली. माझ्या मुलाने माझ्या आज्ञेवाचून केलेले ते एकमेव काम असेल. फेरी लहान होती. अकोल्यातले रस्ते मला त्या दिवशी फार आखूड वाटले.

गाडी थांबली. इंजिन चालू होते, आणि बॉनेटखालून 'टक' असा बारीक, निरोगी आवाज येत होता. बाहेर हमाल, ऊन, धूळ. गोपाल धावत आला, वाकला, आणि त्याने माझ्या बाजूच्या काचेवर बोटांनी टकटक केली. तोंडाने तो काहीतरी सांगत होता आणि घड्याळ दाखवत होता.

मी काच उघडली नाही.